शेऱ्याचा रकाना

बाद करायच्या बंदुकांची यादी माझ्याच हस्ताक्षरात होती.
चौदा थ्री-नॉट-थ्री.
बारा जणींची कारणं सोपी:
चाप झिजलेला, दस्ता चिरलेला,
एकीचा बोल्ट तर दुसरीच्याच नंबराचा.
तेरावीपुढं मी लिहिलं, नेम लागत नाही.
चौदावीत काही सापडेना, म्हणून
वरीलप्रमाणे.

सुभान तडवीला वाचून दाखवली.
त्याचे दोन्ही मोतीबिंदू पिकत आलेले,
निवृत्तीला अकरा दिवस.
तेरावीशी थांबला.
"कोन म्हनस?"

लळिंगच्या पायथ्याशी सकाळी साडेसहाला मैदान आमचं,
आठनंतर उन्हाचं.
मी पालथी पडले, खांदा दिला, श्वास अर्धा सोडून धरला.
पाच गोळ्या
पाच गावांना गेल्या.

"खांदा तुना बरा शे," तो म्हणाला,
आणि खाली पोतं अंथरून
तिचं लाकूड उतरवायला बसला.
चव्वेचाळीस सालची बंदूक,
धुळ्याचे पन्नासेक उन्हाळे प्यायलेलं लाकूड:
आवळत, पिळत जाऊन
नळीच्या डाव्या कुशीत रुतलेलं.
तिथं एक काळा, चकचकीत डाग.
त्यानं आधी वास घेतला त्याचा,
मग खिशातून शिरपूरचं एसटीचं तिकीट काढलं
आणि नळी अन् लाकडाच्या फटीत सरकवलं.
वीतभर गेलं. अडलं.
"आठे दाबस तिले."

फुटक्या बाटलीच्या काचेनं
तो तो डाग खरवडत राहिला.
भुसा असा, की फुंकरीनंही नको,
नुसत्या बोलण्यानं उडावा.
मी टपरीवरून उकळतं पाणी आणलं,
चहावाला विचारत होता, कोणाला लागलं का?
नळीतून पाणी ओतलं, चिंधी ओढली.
पहिली हिरवी निघाली, दुसरी काळी,
सहावी आमच्या वर्दीसारखी,
नववी पांढरी.
मग जवसाचं तेल, तळहातानं,
लेकराला लावावं तसं.

पुन्हा पाच.
डावीकडं, खाली, काळ्या वर्तुळाच्या बाहेर,
पण पाचही एका पुरीखाली झाकतील अशा.
"चुकली," मी म्हणाले.
त्याला इतक्या लांबचं दिसतच नव्हतं.
चालत गेला, कागदावर बोटं फिरवली,
एकेका भोकात करंगळीचं टोक घालून पाहिलं.
"चुकनी. पन एकसंगे चुकनी.
पांगेलले कोनी काय करी?
एकसंगे चुकस ना, ती सुधरस."

माशी सरकवायची ती गोळी भरकटते तिकडंच,
हे मला ट्रेनिंगपासून पटलेलं नाही.
चूक डावीकडं, तर माशीही डावीकडं;
गोळी खाली, तर माशीचं डोकं आणखी खाली.
पितळी खिळा, हातोडीचे दोन ठोके,
केसभर.
कानस चार वेळा. थांबून, पाचवी.
त्या वेळी मला वाटलं, हा माणूस
बंदुकीला काही सांगत नाहीये,
तिचंच म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेतोय.

शेवटच्या पाच गोळ्यांनी
वर्तुळाच्या मधोमध एकच भोक पाडलं, जरा ओबडधोबड.
त्यात त्याचा अंगठा मावला.
तो काही बोलला नाही.
लांब हायवेवर ट्रकनं हॉर्न दिला.

गुरुवारी गाडी येणार होती.
यादीला जावक क्रमांक पडलेला,
वर छापलेलं, खाडाखोड करू नये.
गॅसकटर नेम बघत नाही,
आणि साहेबांना विचारायला गेले तेव्हा
ते म्हणाले, बाविस्कर, बाद ती बाद.
शेऱ्याचा रकाना बोटभर रुंद. कोराच ठेवला.

संध्याकाळी तिला कपाटात लावून,
लक्ष्याचा कागद घडी घालून
त्यानं जेवणाच्या डब्यात ठेवला.
"तेरावीपुढे काय लिहेल शे आते?"
"नेम बरोबर," मी वाचलं.
त्यानं ओळीवरून बोट फिरवलं, सावकाश,
भोकं शोधत.
शाईला भोक नसतं.

"अन् चौदावी?"
"वरीलप्रमाणे," मी म्हणाले.